आलेखावरची टेकडी

देवराज मोहल्ल्यात फत्तेसिंगराव टेलरांच्या दुकानात दसऱ्याआधीची झुंबड होती. त्या रेटारेटीत शरण्याच्या पायावर एका उंच मुलाचा पाय पडला. ती ओरडली, आणि तो चक्क हसला!

"हसायला काय झालं?"

"या कानडी गावात मराठीत ओरडलात, अल्वा... नाही का? बरं वाटलं."

"चेचला माझा पाय, आणि बरं तुम्हाला वाटलं!"

पाच मिनिटांत गप्पा रंगल्या. तो प्राणेश; कालच युनिव्हर्सिटीत फिजिक्सला रुजू झालेला.

"मीही तिथंच! शरण्या. गंगाधरराव सरांकडे पीएचडी करते."

झालं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. काउंटरवरची पिशवी उचलून तो सटकलाच.

शरण्याचं काम असं — इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरीत जन्मून, पापणी लवायच्या कितीतरी आधी विरून जाणारा एक कण शोधायचा. तो कुणालाच दिसत नाही. त्याचे तुकडे जुळवून आलेख काढला की त्यावर एक छोटी टेकडी उठते, एवढाच पुरावा. तीन वर्षं घासून तिला ती टेकडी मिळाली होती. खरी ठरली तर डॉक्टरेट, नाहीतर सगळं पाण्यात.

आणि हा प्राणेश! ती खोलीत आली की स्क्रीन झाकायचा. कॉफीला बोलावलं तर "आत्ता नको..." म्हणत मान खाली. ती पाठमोरी झाली की मात्र तिच्याकडे टक लावून बघायचा; खिडकीच्या काचेत तिनं स्वतः पाहिलं होतं. एकदा प्रिंटरवर त्याचा कागद सापडला. त्यावर तिच्याच टकरींचा डेटा! हा माझं काम ढापतोय! आणि मेल्याचा आवाज मात्र दिवसभर तिच्या कानात. त्यात तिचा दसऱ्याचा मोरपंखी कुर्ताही दुकानातून गायब झालेला.

डिसेंबरात सरांनी दोघांना बोलावलं. ती दातओठ खातच गेली.

"सर, यांनी माझा डेटा—"

"मीच दिला, तो रुजू झाला त्याच दिवशी. दुसऱ्यानं स्वतंत्र तपासायचं, आणि तोवर दोघांनी बोलायचं नाही. पद्धत माहीत आहे ना तुला?"

माहीत होती. तपासणारा कोण, तेवढं तिला सांगितलं नव्हतं.

प्राणेशनं आपला आलेख तिच्या आलेखावर ठेवून उजेडात धरला. टेकडी तिथंच होती... जरा ठेंगणी, पण तिथंच! शरण्याचे डोळे भरून आले.

"सरी, आय्तु. झालं तपासून, आता बोला काय बोलायचं ते," म्हणत सर निघून गेले.

प्राणेशनं बॅगेतून फत्तेसिंगरावांची पिशवी काढली. आत मोरपंखी कुर्ता!

"त्या दिवशी घाईत तुमची उचलली..."

"तीन महिने! बोलायचं नव्हतं, मान्य. सुम्ने, गुपचूप टेबलावर ठेवायची की!"

"ठेवली असती तर..." त्याचे कान लाल झाले. "आज तुमच्याशी बोलायला निमित्त काय उरलं असतं?"

"आणि तुमचे कपडे?"

"दुकानातच आहेत अजून."

ती खळखळून हसली. "चला, आधी ते आणू. आणि यापुढं माझ्यापासून काही झाकायचं नाही."

"एक झाकलेलं राहिलंय..." तो अडखळला. "आवडता तुम्ही मला. पहिल्या दिवसापासून."

"ते मला कधीच दिसलं होतं," शरण्या पिशवी छातीशी धरत म्हणाली. "खिडकीच्या काचेत."