हात ऐकत नाहीत

बाळाला आंघोळ घालायची, एवढंच काम होतं. कारखान्यातून आल्यावर तिनं पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं. सासूबाई दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. बाळ पाण्यात पाय आपटत खुदखुदत होतं.

तिला हसू आलं नाही. हल्ली कशानंच येत नव्हतं. ताटावर घास तोंडात फिरायचा, पाठ टेकली तरी डोळा लागायचा नाही. बाळ रडलं तरी वाटायचं, लांब कुठेतरी पिंजऱ्यात कोंबड्या ओरडतायत.

"अगं... अगं, काय करतेस!"

सासूबाईंच्या किंकाळीनं ती भानावर आली. तिच्या डाव्या हातानं बाळाचे दोन्ही पाय घोट्याशी पकडले होते. बाळ उलटं लोंबत होतं, तोंड लालभडक. उजवा हात त्याच्या मानेवर होता. हातात साबण होता. नशीब, साबणच होता.

कारखान्यात हेच तिचं काम. डाव्या हातानं कोंबडीचे पाय धरायचे, फिरत्या साखळीच्या आकड्याला उलटी अडकवायची, उजव्या हातानं मानेवर सुरी. गरम रक्त कोपरापर्यंत ओघळायचं. साखळी थांबायची नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं साखळीवर शेजारी काम करणाऱ्या काकूंना हळूच सांगितलं, "काकू, माझे हात माझं ऐकत नाहीत."

काकूंची सुरी थबकली. "झोप नाही? रडूही येत नाही?"

"नाही."

"मग आजच सोड ही जागा. तुझ्याआधी या जागेवर जी बाई होती ना, तीही हेच म्हणायची. आम्ही हसलो. म्हटलं, नवऱ्याच्या पाठीत दोन घाल, लगेच ऐकतील!... एक दिवस तिनं स्वतःचाच डावा हात आकड्यात अडकवला आणि मनगटावर सुरी ओढली. ओढतच राहिली. ओरडलीसुद्धा नाही गं."

"मेली?"

"बाई जगली. हात साखळीवरून पुढे गेला, तो... कुणालाच सापडला नाही."

ती तडक मुकादमाकडे गेली. "मला दुसरं काम द्या."

"सगळेच दमतात. चार दिवस कळ काढ."

"घरी तान्हं लेकरू आहे, साहेब." तिनं सुरी टेबलावर ठेवली आणि चालू लागली.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला झोपायचंय. आधी माझे हात बांधा."

"वेड लागलं का तुला?"

"बांधा, आई."

सासूबाईंनी डोळे पुसत ओढणीनं दोन्ही मनगटं आवळून बांधली. बाळाला पाळण्यात ठेवलं आणि कणीक मळायला गेल्या. कितीतरी दिवसांनी तिचा डोळा लागला. अगदी गाढ.

जाग आली ती बाळाच्या किंकाळीनं.

सासूबाई धावत आल्या. दोघी पाळण्यावर वाकल्या. तिनं आपली मनगटं पाहिली. गाठ तशीच होती. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी कोपरापर्यंत पिठानं भरलेले हात वर केले.

बाळाच्या घोट्यांवर बोटं उमटली होती. ओली, लाल.

एकाच हाताची. डाव्या.