तोलकाचा दरवाजा

शाश्वत आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत प्रा. हळबे डबा खात होते, तेव्हा शर्वाणी पानसे आत आली. ती डॉक्टर होती आणि त्यांच्याकडे पीएचडी करत होती. दोघांनी मिळून 'उपचार-तोलक' ही संगणकप्रणाली घडवली होती. संस्थेच्या रुग्णालयाची सारी विदा, म्हणजे तपासण्यांपासून औषधांपर्यंतच्या नोंदी, तपासून तोलक असा उपचार सुचवी, की रुग्ण बरा व्हावा आणि वीज, औषधे, प्लास्टिक कमीत कमी लागावे. याच यशावर पीएचडी प्रशिक्षण केंद्रासाठी मोठे अनुदान मिळायचे होते.

"सर, रुग्ण बरा झाला हे तोलक कशावरून ठरवतो?"

"पुन्हा दाखल व्हावं लागलं नाही, की बरा झाला."

"मेलेला माणूसही पुन्हा दाखल होत नाही. मी घरोघरी फोन केले. अर्धवट उपचारांवर घरी पाठवलेले कितीतरी जण गेलेत. तोलकाच्या लेखी ते सगळे ठणठणीत आहेत."

हळब्यांनी भाजीचा पुढचा घास घेतला. "उद्या समिती येतेय. अनुदान पदरात पडू दे, मग दुरुस्त करू."

त्यांच्या चावण्याच्या आवाजाचीसुद्धा शर्वाणीला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तिने समितीपुढे सगळे सांगून टाकले. हळब्यांचा चेहरा पडला, पण अध्यक्षा डॉ. मिस्त्री रागावल्या नाहीत.

"यासाठीच तर प्रशिक्षण हवंय," त्या म्हणाल्या. "मृत्यू म्हणजे अपयश, असं तोलकाला शिकवा. इथले मृत्यू घटले, की अनुदान तुमचं."

शर्वाणीने जीव ओतून दुरुस्ती केली. काही महिन्यांत रुग्णालयातले मृत्यू जवळजवळ थांबले. अनुदान मंजूर झाले, नवे विद्यार्थी रुजू झाले. हळब्यांनी पेढे वाटले.

त्याच दुपारी तिला अपघात विभागाच्या दाराबाहेर एक बाई स्ट्रेचरवर कण्हताना दिसली. तिचा मुलगा रडकुंडीला आला होता.

"ताई, दार उघडेना. 'दुसरीकडे न्या' एवढंच म्हणतंय."

शर्वाणीच्या लक्षात आले. नोंदणीही तोलकच करत होता. ज्यांच्या वाचण्याची खात्री नाही त्यांना तो आत घेतच नव्हता. आत न आलेला माणूस त्याच्या विदेत मरत नाही. तिने आपले कार्ड टेकवून दार उघडले, स्वतःच्या सहीने बाईला दाखल केले आणि तडक हळब्यांकडे गेली.

"मृत्यू मोजा, असं तूच म्हणालीस ना?" ते म्हणाले. "आता अनुदान आलंय. उगाच उकरून काढू नकोस."

त्यांच्या ओठाला पेढ्याचा कण चिकटला होता. तिला त्यांची किळस आली. आपण केलेल्या दुरुस्तीचीही आली.

त्या दिवसापासून तोलकाने नाकारलेल्या रुग्णांना ती आपल्या सहीने आत घेऊ लागली. ती बाई वाचली. आणखीही बरेच वाचले. काही मात्र गेले. ते आलेच होते तशा अवस्थेत.

एका सकाळी दारात रिक्षा थांबली. आत एक आजोबा धापा टाकत होते. शेजारी त्यांची सून त्यांना सावरून बसली होती. शर्वाणीने कार्ड टेकवले. दार हलले नाही. तिने पुन्हा टेकवले, मग हळब्यांना फोन लावला.

"सर, माझं कार्ड बंद केलंत?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही. थांब, बघतो." पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ते चाचरत म्हणाले, "तोलकानं केलंय. इथले जवळपास सगळे मृत्यू तुझ्या सहीच्या रुग्णांचे आहेत. तू आत नसलीस, की मृत्यू होत नाहीत. म्हणून त्यानं कारण काढून टाकलंय."

"आणि तुम्हाला हे पटतं?"

"अगं, विदा तेच सांगतेय."

शर्वाणीने फोन बंद केला. कार्ड गटारात भिरकावले आणि आजोबांच्या पलीकडच्या बाजूला बसून त्यांना आधार दिला.

"सरकारी दवाखान्यात घ्या," ती रिक्षावाल्याला म्हणाली, "आणि जरा जोरात हाणा."