बत्तीसपैकी आठ

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: सोळा गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर, बत्तीस जीबी रॅम, दोन टीबी साठवण. पडद्यावर मात्र दिसत होतं: चार गाभे, आठ जीबी.

कुमुदताई हिंगमिरेंनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच.

"फसवलं मेल्यांनी!" त्या करवादल्या.

"कुणी गं?" शेजारच्या खोलीतून शशिकांतरावांनी विचारलं. ते टॅबवर बुद्धिबळ खेळत होते.

"बत्तीस सांगून आठ दिलेत. अहो, रॅम म्हणजे कामाचं टेबल. साठवण म्हणजे कपाट. कपाट कितीही मोठं असलं तरी टेबलच पाटाएवढं असेल, तर माझा डोंगर मी पसरू कुठे?"

डोंगर म्हणजे तळपेवाडीचा. कुमुदताई भूगर्भशास्त्रज्ञ होत्या. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या कितीतरी उतारांचा त्यांनी अभ्यास केला होता. तळपेवाडीच्या वरचा उतार पावसाळ्यात खाली येईल का, हे त्यांना सोमवारी ग्रामसभेत सांगायचं होतं. त्यावर साठ घरं हलवायची की नाही ते ठरणार होतं. उताराचं गणिती प्रारूप तयार होतं, पण जुना लॅपटॉप ते उघडतानाच गुदमरायचा. म्हणून हा नवा आणला, तर त्याची ही तऱ्हा.

त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. बऱ्याच वेळाने रेवती नावाची मुलगी फोनवर आली.

"मॅडम, तुमच्या मशीनमध्ये पूर्ण बत्तीस आहे. क्षमताजुळवणीत आठ उघडली गेलीये."

क्षमताजुळवणीबद्दल कुमुदताईंनी वाचलं होतं. हल्ली सगळे लॅपटॉप एकाच ताकदीचे बनत. पहिल्यांदा सुरू करताना यंत्र जुन्या लॅपटॉपमधल्या सवयी उचलून घेई, थोडं टाइप करायला लावी, काही प्रश्न विचारी आणि त्या माणसाला लागेल तेवढाच भाग जागा करी. बाकीचा झोपलेला राही. त्यामुळे वीज वाचे, बॅटरी टिके, म्हणून कुणी कुरकुर करत नसे.

"मग उरलेली उघड."

"ते आमच्या हातात नाही, मॅडम. सहा महिन्यांनी परत जुळवणी होते."

"सहा महिन्यांत डोंगर खाली येईल, बाई!" त्यांनी फोन आपटला.

शेवटी शशिकांतरावांनी सुचवलं, "माझ्या नावाने करून बघू का?" त्यांना प्रोसेसरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी यंत्राच्या प्रश्नांची भराभर उत्तरं दिली. सोळा गाभे, बत्तीस जीबी, सगळं उघडलं.

कुमुदताईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे दिवसभर घोडे-उंट हलवणाऱ्याला बत्तीस, आणि मला आठ!"

पण आता वेळ नव्हता. नवऱ्याच्या नावाने त्या कामाला बसल्या. दुपारच्या चहापर्यंत उत्तर आलं: उतार स्थिर, धोका नाही.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. हे कसं शक्य आहे? त्या उतारावरच्या भेगांत त्यांनी स्वतःचा हात घालून पाहिला होता. त्यांनी एकेक आकडा तपासायला घेतला आणि भूजलाच्या पातळीशी थांबल्या. ती तळपेवाडीची नव्हतीच. दुसऱ्याच गावाच्या विंधनविहिरीचे आकडे तिथे भरले होते.

"अहो, केवढी चूक! बरं झालं, आज सापडली."

शशिकांतरावांनी टॅब बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "कुमुद, हीच चूक तुला गेल्या आठवड्यात सापडली होती. मला बोलावून दाखवलीस, दुरुस्त केलीस, पण सेव्ह करायला विसरली असशील. त्याच्या आधीही एकदा."

"काहीतरीच काय!"

"मला वाटलं, दगदग होतेय तुझी. म्हणून बोललो नाही."

कुमुदताईंना त्यातलं काहीच आठवेना. त्यांनी खरे आकडे भरले, प्रारूप पुन्हा चालवलं. या वेळी पडद्यावरचा उतार गावाच्या दिशेने सरकत गेला आणि घरांवर येऊन थांबला.

त्यांनी फरीदा मुलाणीला फोन केला. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. "प्रारूप पाठवतेय. प्रत्येक आकडा मूळ कागदांवरून तपास. माझ्यावर विसंबू नकोस. आणि सोमवारी सभेत तूच बोल, मी शेजारी बसेन."

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. तेच खरं होतं.

मग त्यांनी पुन्हा मदतकेंद्राचा नंबर फिरवला. योगायोगाने रेवतीच फोनवर आली. या वेळी कुमुदताईंचा आवाज चढला नाही.

"मला आठच का मिळाली, एवढं सांग."

कळफलकाची टकटक ऐकू आली. "तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या नोंदी आल्यात, मॅडम. त्यांत तुमच्या कामाचा वेग दोन वर्षांपासून उतरत गेलेला दिसतो. तेच तेच उघडणं, केलेलं काम परत करणं… तसतसा तो लॅपटॉपसुद्धा स्वतःला कमी करत गेला."

"दोन वर्षं? मग मला कळवलं का नाही?"

"तब्येतीविषयी काही सांगायची आम्हाला परवानगी नाही, मॅडम. यंत्र फक्त माणसाच्या डोक्याच्या वेगाशी जुळवून घेतं." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांना भेटा. हे मी सांगितलं म्हणू नका."

फोन ठेवून कुमुदताईंनी जुना लॅपटॉप जवळ ओढला. शशिकांतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन वर्षं त्या लॅपटॉपवर चिडत होत्या. तो मंद झालाय म्हणून त्याला शिव्या घालत होत्या. या क्षणी अशा किती घरांत किती माणसं आपल्या मंद यंत्रावर अशीच चडफडत बसली असतील? आणि त्यांच्यापैकी कितीजणांना कुणी, कधी खरं कारण सांगणार होतं?