मिरीचा दुभाषी

विमानतळाच्या दाराशी आपल्या ट्रॉलीवरची बॅग कुणीतरी उचलतंय, एवढंच मिरीला दिसलं. पुढचं काम तिच्या कोपरानं केलं.

"आई गं!" तो माणूस नाक धरून खालीच बसला.

मिरीचा हात हवेतच राहिला. आई गं? परमुलखातला चोर चक्क मराठीत कळवळतो?

"चोर नाही हो मी," रुमालाआडून आवाज आला. "दुभाषी आहे. शिबिराच्या लोकांनी तुम्हाला न्यायला पाठवलंय."

"मग आधी बोलायचं ना!"

"बोलणारच होतो... तुमचं कोपर आधी बोललं."

मिरी हे तिच्या वडिलांनी ठेवलेलं लाडाचं नाव. उंची जेमतेम पाच फूट आणि स्वभाव तिखट, म्हणून मिरी. वडिलांनी काढलेला कराटेचा वर्ग आता तीच चालवायची. इथल्या क्लबनं दहा दिवसांच्या शिबिरासाठी तिला बोलावलं होतं, आणि पहिल्याच परदेशवारीत तिनं यजमानांच्या माणसाचं नाक सुजवलं होतं!

दुभाषी चार वर्षांचा असल्यापासून इथंच वाढलेला. मराठी आईकडून आलेली. दुसऱ्या दिवसापासून तो सुजलेलं नाक घेऊन हॉलमध्ये तिच्या शेजारी उभा राहू लागला. समोर चाळीस विद्यार्थी.

"गुडघे वाकवा! इस्त्रीच्या टेबलासारखे काय उभे राहता?" मिरी ओरडायची.

तो हळुवार काहीतरी म्हणायचा, आणि चाळीसच्या चाळीस चेहरे खुलायचे.

"मी रागावले, मग हे हसतात कशाला?"

"मी तुमचंच सांगतो. फक्त थोडं मऊ करून."

"मऊ नको! आहे तसं सांगा."

"बरं," तो म्हणायचा, आणि पुन्हा चेहरे खुलायचे.

चौथ्या दिवशी मागच्या रांगेतली एक विद्यार्थिनी, पेशानं नर्स, पुढे येऊन काहीतरी बोलली. दुभाषी जरा अडखळला.

"ती म्हणते... तुम्ही रागावता तेव्हा तुमची डावी भुवई आधी रागावते. बघत राहावंसं वाटतं."

मिरी लाजली. भुवईवर बोट ठेवून तिनं नर्सला हात जोडले. नर्स बावचळली, आणि वाकून स्वतःचा घोटा दाखवू लागली. घोटा चांगलाच सुजला होता.

"अहो, हिचा पाय मुरगळलाय!"

"हो... तेही म्हणाली ती," दुभाषी कानापर्यंत लाल होत म्हणाला, आणि बर्फ आणायला पळाला.

तिथून मिरीचा सगळा गोंधळ सुरू झाला. कुणी काही बोललं की हे बोलणाऱ्याचं, का दुभाष्याचं? चहाच्या वेळी तो समोर बसला की तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. विद्यार्थ्यांना आकडे मोजून देताना ती सहावरून थेट नऊवर गेली. लहानपणापासून मोजत आलेले आकडे! वेड लागलंय की काय आपल्याला?

नवव्या दिवशी क्लबच्या प्रमुखांनी तिला ऑफिसात बोलावलं. दुभाषी भिंतीकडे बघत म्हणाला, "ते म्हणतात, एक वर्ष इथं शिकवायला राहाल का? उद्या सकाळी उत्तर हवंय."

बस. एवढंच. ना हसू, ना डोळ्यांत काही.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"दुभाष्याला काही वाटायचं नसतं."

मिरी ताडकन उठली. खोलीवर जाऊन तिनं वडिलांना फोन लावला. महिन्याभरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि मिरी इकडे असताना वर्ग ते खुर्चीत बसून घेत होते.

"राहायचं तर राहा, मिरे," ते म्हणाले. "पण क्लबसाठी राहतेस का आणखी कशासाठी, ते स्वतःला विचार."

तिनं विचारलं. पहाटेपर्यंत विचारत राहिली.

सकाळी ती प्रमुखांसमोर उभी राहिली. "सांगा त्यांना, आत्ता नाही जमणार. बाबांना माझी गरज आहे. ते पायावर उभे राहिले की मी विचार करीन."

दुभाष्यानं सांगितलं. प्रमुखांनी मान डोलावली, तिचा हात हातात घेतला आणि ते शिबिराच्या समारोपाच्या तयारीला गेले. ऑफिसात दोघंच उरले.

"काल मी तुसडेपणा केला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा भाषांतर शब्दाला शब्द केलं, काही मऊ न करता. भीती वाटली... सांगायला गेलो, तर माझी विनवणी मिसळेल त्यात. आणि तुम्हाला कळणारही नाही, कोण विनवतंय ते."

"आणि भुवई?"

"भुवई माझी. म्हणजे... तुमची. वाक्य माझं."

मिरीला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. "मला काहीच कळत नाहीये. आज दुपारचं विमान आहे, आणि तू हे आत्ता सांगतोस?"

तो दचकला. "तुम्ही मला 'तू' म्हणालात..."

"म्हणाले. चुकून. म्हणजे, चुकून नाही." तिनं डोळे पुसले. "बाबांच्या ऑपरेशनला ये. त्यांना भेट. मग मी इथं यायचं की तू तिथं, ते बघू. आता तूही म्हण."

"काय?"

"तू."

दिवसभर दोन भाषांत घडाघडा बोलणाऱ्या त्या माणसानं घसा खाकरला, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. एका अक्षराचा तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर यायला चांगला वेळ लागला. तोवर मिरी वाट बघत राहिली.