हौसाबाईंचा फोटो हिरवा का झाला?

घरात करडा दिसणारा चेहरा तालमीत आल्यावर हिरवट कसा होतो?

हा प्रश्न पडला तेव्हा कस्तुरा शिडीवर उभी होती. तिच्या हातात फोटो होता आणि खाली संभाजीनाना मान वर करून बघत होते.

साल होतं २०६४. कोल्हापुरातल्या नव्या वेशीच्या तालमीला आता काचेचं छप्पर होतं आणि उन्हाच्या मानानं ते आपलं आपण उघडझाप करायचं. पैलवानाच्या नाडीचे ठोके भिंत मोजायची. एका भिंतीला मात्र कुणी हात लावला नव्हता, ती वस्तादांची भिंत. तिच्यावर विजेवर चालणारं काही लावायचं नाही, कागदावरचा कृष्णधवल फोटोच लावायचा आणि एकदा लावलेला फोटो पुन्हा उतरवायचा नाही, असा तालमीचा रिवाज. त्यामुळे सगळ्यात जुन्या चौकटीत आता नुसता पिवळट डाग उरला होता. खाली नाव होतं, वर माणूस नव्हता. हार मात्र दरवर्षी पडायचा.

हौसाबाई या तालमीच्या पहिल्या बाई वस्ताद. कस्तुराला पहिला डाव त्यांनीच शिकवला आणि मागच्या थंडीत त्या गेल्या. उद्या नागपंचमीला त्यांचा फोटो भिंतीवर लागायचा होता. तो काढला होता कस्तुरानं आणि छापलाही तिनंच.

"बाई आजारी पडल्यागत दिसत्यात," तालमीचे जुने वस्ताद आणि आता तिचा कारभार बघणारे नाना म्हणाले. "असला लावला तर जल्मभर असाच ऱ्हाणार. ऱ्हाऊ दे. फुडच्या नागपंचमीला बघू."

म्हणजे आणखी एक वर्ष बाई भिंतीवर नसणार. कस्तुरानं फोटो काखेत मारला आणि तडक आजोबांचं घर गाठलं.

आबांचं सारं आयुष्य शाईच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. निवृत्त झाले तरी बोटांची नखं अजून काळीच होती. सोबतीला त्यांचा यंत्रमानव होता, पारखी. प्रकाशात कुठले रंग किती आहेत हे तो अचूक सांगायचा आणि न विचारता सांगायचा.

"हा करडा रंग केलास कशानं?" आबांनी विचारलं.

"निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून. छपाईयंत्रानंच केला."

"म्हणजे भेळ केली," आबा हसले. "बघ की, प्रत्येक शाई प्रकाशातला आपला वाटा गिळते आणि उरलेला परत पाठवते. तुझ्या टेबलाच्या दिव्याखाली तिघींचा तोल बरोबर साधला, म्हणून तुला करडा दिसला."

"दिव्याच्या प्रकाशात लाल जास्त होता," पारखी म्हणाला. "तालमीत छपराच्या काचेतून आलेल्या उजेडात लाल कमी. तोल ढळला आणि हिरवा वर आला."

"याला आम्ही म्हणायचो उजेडपालट (एकच छाप वेगळ्या उजेडात वेगळ्या रंगाची दिसणं)," आबा म्हणाले.

"मग नुसत्या काळ्या शाईनं छापते," कस्तुरा म्हणाली. तिनं लगेच छापूनही पाहिलं. हिरवा गेला खरा, पण बाईंच्या गालावर कुणी मोहरी सांडल्यासारखं दिसू लागलं.

चूक कुठे झाली ते आबांनी भिंगातून दाखवलं. यंत्र शाईचे बारीक थेंब उडवतं. काळ्या शाईनं फिका रंग दाखवायचा तर थेंब लांब लांब टाकावे लागतात, आणि मग डोळ्याला ते सुटे दिसतात.

"काळी शाईच पातळ केली तर?" कस्तुरानं चाचरत विचारलं.

आबांनी तिच्या पाठीत प्रेमानं एक धपका घातला. "बरोबर. दही, ताक, पातळ ताक. तशी काळी, गडद करडी आणि फिकी करडी. गालाला फिकीचे थेंब दाट टाकायचे, केसांना काळीचे."

"पण कुठली काळी?" पारखीनं मध्येच तोंड घातलं. "तिची शाई रंजकशाई आहे."

रंजकशाई (पाण्यात साखरेसारखी विरघळणारी शाई) दिसते झकास, पण वर्षानुवर्षं उजेड पडला की तिचे रेणू तुटतात आणि रंग उडतो. आबांनी कपाटातून दुसरी बाटली काढली. ही कणशाई (रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेली शाई) होती आणि तिच्यातले कण होते कार्बनचे, म्हणजे साध्या काजळीचे.

"उजेडाला कार्बन तोडता येत नाही. शिवाय तो सगळे रंग जवळजवळ सारखेच गिळतो, म्हणून तोल फारसा ढळत नाही," आबा म्हणाले. "मात्र त्यात किंचित तपकिरी झाक असते. निळ्या कणशाईचा थेंब टाकला की ती जाईल. पण निळा कार्बनइतका चिवट नाही. काय करायचं ते तू ठरव."

कस्तुरानं डोळे मिटले. बाईंच्या पोटऱ्यांवर कायम आखाड्यातली माती असायची. अंघोळ करून आल्या तरी कुठेतरी राहायचीच.

"निळा नको. झाक राहू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तालमीत आल्यावर तिनं फोटो लगेच टांगला नाही. आधी छप्पर उघडायला लावलं, मग मिटायला लावलं, मग दिवे लावले. आखाड्याभोवती सगळे वाट बघत होते, पण ती घाई करेना. उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली बाईंचा चेहरा तोच राहिला, उबदार, जरा रागीट, आता ओरडतील असा.

नानांनी स्वतः शिडी धरली. फोटो लागला, हार पडला आणि कस्तुराला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

सगळे कुस्त्या बघायला पांगले तरी नाना तिथेच उभे होते. "किती वर्सं टिकंल म्हनं ही शाई?"

"आबा म्हणतात, तुम्ही-आम्ही नसू तेव्हाही टिकेल."

नानांनी भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, खांद्यावरचा पटका काढून डोक्याला नीट बांधला आणि खिडकीपाशी जाऊन ताठ उभे राहिले.

"मग माझा बी एक काढून ठिव," ते म्हणाले. "टांगायची घाई न्हाई."