पिवळ्या पडद्यावरची सावली

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण ही घटना घडलेली आहे, आणि जिच्यासोबत घडली ती इकरा आजही वडशातच राहते.

मे २००६. मंगळवार. रात्र नव्हती, भर दुपार होती.

इकराचे अब्बा नूर मोहम्मद लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं करायचे. मिक्सिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर तुकडे जोडून व्हिडिओ तयार करायचं काम, इकराकडे. नागपूरहून तिनं इफेक्टचं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या अकरा सीड्या आणवल्या होत्या. शिकवणारा गोरा माणूस भराभर इंग्रजी बोलायचा. इकराला त्यातलं फारसं कळत नसे. ती फक्त त्याच्या माऊसचा बाण कुठे जातो ते बघायची, आणि तसंच करायची.

असं करत ती माणूस कापायला शिकली. एका व्हिडिओतला माणूस अलगद सोडवून दुसऱ्यात बसवायचा.

गावभर ही गोष्ट पसरली. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली देवकाबाई एक जुनी कॅसेट घेऊन आली.

"पोरी, माह्या दामिनीच्या लग्नात तिचा बाप नोहता. दोन साल झाले, मलेरियानं गेला. ह्या कॅसेटमंदी हाय तो. त्याले पोरीच्या मांगं उभा करून देशीन का?"

"देतो न मावशी," इकरा म्हणाली.

जुन्या कॅसेटमध्ये दामिनीचा बाप गोविंदा पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकत होता. चार सेकंदांचा तुकडा. सेकंदाला पंचवीस, म्हणजे शंभर चित्रं. एकेका चित्रात त्याच्या कडेनं रेघ ओढत इकरानं आठ दिवसांत त्याला सोडवलं, आणि अब्बांनीच काढलेल्या लग्नाच्या व्हिडिओत दामिनीच्या मागे उभं केलं.

आता एकच काम उरलं होतं. सावली. शेवटच्या सीडीत तेच होतं. सावली नसली की माणूस चिकटवल्यासारखा दिसतो.

त्या दुपारी तिनं काम उघडलं.

बाहेर रस्ता सामसूम. खोलीत फक्त पंख्याची घरघर.

आणि तिला दिसलं...

सावली आधीच होती.

नवरा-नवरीच्या मागे पिवळा पडदा होता. त्यावर नवऱ्याची सावली, नवरीची सावली. आणि मधोमध तिसरी.

चुकून आपणच केली असेल, असं तिला वाटलं. सॉफ्टवेअरमध्ये चित्रं थरावर थर रचलेली असतात, आणि प्रत्येक थरापुढे बारीक डोळ्याची खूण असते. ती दाबली की तेवढा थर दिसेनासा होतो. तिनं गोविंदाच्या थरापुढचा डोळा दाबला.

गोविंदा गेला.

सावली... तिथंच.

तिनं लग्नाची मूळ कॅसेट लावली.

त्यातही होती.

"अब्बा!" तिनं हाक मारली. "दामिनीच्या लग्नात स्टेजवर तिसरं कोन होतं?"

नूर मोहम्मद दारात आले. "कोनी नाई. नवरा अन् नवरी. बाकी सारे खाली होते. काऊन?"

तेवढ्यात देवकाबाई काम बघायला आली. इकरानं तिसऱ्या सावलीकडे बोट दाखवलं.

देवकाबाई पुढे सरकली. बघितलं. तिचे डोळे भरले.

"आला होता म्हनजे," ती पुटपुटली. "बाप आला होता पोरीसाठी."

इकराचाही जीव भांड्यात पडला. कॅसेट पुढे चालत राहिली.

सावली हळूच वळली. कडेनं दिसली.

मानेवर... अंबाडा होता.

पंखा बंद पडला. वीज गेली नव्हती. चित्र चालूच होतं. अंबाड्याची सावली दामिनीच्या सावलीकडे वाकत गेली... वाकत गेली... आणि दोन्ही सावल्या एक झाल्या. मग पिवळ्या पडद्यावर दोनच उरल्या.

देवकाबाईचा चेहरा राखेसारखा झाला.

"मावशी, कोन आहे ही? वळखता का तुमी?"

देवकाबाईनं पदरानं तोंड दाबलं. मग नूर मोहम्मदकडे वळून एवढंच म्हणाली, "भाऊ, मुलचेऱ्याची गाडी किती वाजता हाय?"

मुलचेरा दामिनीचं सासर.

तिसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन परतली. दामिनी चालत होती, जेवत होती, अंगावर कुठे जखम नव्हती. पण आईशिवाय कुणाला ओळखत नव्हती. दोन पावसाळे गेल्यावर ती माणसात आली. सासरी मात्र परत गेली नाही. सावलीतली ती बाई कोण, हे देवकाबाईनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

लग्नाची कॅसेट तिनं त्याच दुपारी नेली होती. कॉम्प्युटरमधला गोविंदा तेवढा राहिला.

त्या दुपारनंतर महिन्याभरानं इकरानं तो पुसायला म्हणून उघडला. शंभरही चित्रं तिच्या हातची, तोंडपाठ. गोविंदा हसतो, हात वर करतो, अक्षता टाकतो.

पण आता तो हसत नव्हता.

मुठीत अक्षता नव्हत्या. तळहात समोर पसरलेला होता...

कुणाला तरी अडवावं, तसा.

इकरानं तो अजून पुसलेला नाही. का, असं विचारलं तर ती म्हणते, "त्याले पुसलं, अन् ती बाई इथी आली तं?"