आतली बाजू खाली

मोठीने टेबल करायला घेतलं ते हौसेने नव्हे, वैतागून. जेवायच्या टेबलांच्या किमती विचारून ती दुकानातून हात हलवत परत आली होती, आणि जमिनीवर बसण्याइतके बाबांचे गुडघे आता शाबूत नव्हते. आई गेल्यापासून बाबा आपलं ताट घेऊन खोलीत जात, दार लोटून घेत आणि अर्धंअधिक जेवण तसंच परत येई. सदरे त्यांच्या अंगावर लोंबायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, माणसांत बसून जेवले तर चार घास जास्त जातील. बाबा म्हणाले, बसू कुठे, तुमच्या डोक्यावर? त्या दिवशी मोठीने मनाशी खूणगाठ बांधली की या घरात टेबल होणार आणि बाबा आपल्याबरोबर बसून पोटभर जेवणार.

बोलणं सोपं असतं. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईच्या हाती करवत आली की काय होतं, ते तिला लवकरच कळलं. करवत खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली होती. तिचे दात तिच्या मालकासारखेच पडले आहेत, असं धाकटी म्हणाली. धाकटी रुग्णालयात नर्स होती, आणि घरी आल्यावर तिच्यात टोमणे मारण्यापुरतीच ताकद उरत असे. पायांसाठी मोठीने मागच्या गल्लीत एका दुकानाने टाकून दिलेलं खोकं तीन जिने चढवून वर आणलं. त्याचे खिळे उपसताना दोन फळ्या उभ्या चिरल्या आणि तिच्या अंगठ्याचं सालपट निघालं. फोनवरच्या व्हिडिओतला माणूस मात्र हसत हसत, जणू लोणी कापावं तसं लाकूड कापत होता. तिने तो व्हिडिओ रागाने बंद केला.

पाय कसेबसे झाले, चौकट झाली, आणि घोडं वरच्या फळीपाशी अडलं. एवढी रुंद फळी फुकट कोण देणार? शेवटी तिची नजर आईच्या खोलीच्या दाराकडे गेली. आईने शेवटचे महिने काढले ती एवढीशी खोली आता नुसती ट्रंकांनी भरलेली होती. ट्रंकांना दार कशाला हवं? तिने बिजागऱ्या सोडवल्या, आतली कडी काढली आणि सगळं लोखंड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं. दाराची बाहेरची बाजू गुळगुळीत होती. आतल्या बाजूवर औषधांचे डाग होते, नखांचे ओरखडे होते. शेवटी शेवटी आई आतून कडी लावून बसायची आणि फक्त बाबांनाच उघडायची. मुलींनी कितीही दार बडवलं तरी नाही. मोठीने चांगली बाजू वर घेतली आणि आतली खाली. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

संध्याकाळी बाबा बघायला आले. त्यांनी दारावरून तळहात फिरवला.

"आतली बाजू खाली ठेवलीस?"

"मग काय डाग वर ठेवू?"

 नंतर बराच वेळ बाबा तिथेच उभे होते, आणि मोठीला वाटलं, चला, निदान खोलीतून बाहेर तरी आले.

आणलेले स्क्रू आखूड निघाले. दार त्या दिवशी चौकटीवर नुसतंच ठेवलेलं राहिलं. सकाळी उठून पाहते तर टेबल डुगडुगत होतं. एक पाय चांगला बोटभर उंच झाला होता. म्हणजे दार उतरवा, चौकट उलटी करा, पाय कापा. शिव्या देत तिने दाराला हात घातला.

दार हललं नाही.

तिने जोर लावला. पाय जमिनीवरून उचलले गेले, अख्खं टेबल वर आलं, पण दार चौकटीपासून सुटेना. ना स्क्रू मारलेला, ना सरस लावलेला. लाकूड फुगलं असेल, कुठेतरी ढलपी अडकली असेल, असं म्हणत तिने स्टीलची पट्टी आणली आणि फटीत घालून कडेने फिरवली. पट्टी कुठेही न अडता सरकत गेली. फक्त एका जागी ती टक्कन लोखंडावर आपटली.

मोठी टेबलाखाली शिरली. त्या जागी कडीच्या स्क्रूंची जुनी भोकं होती, चारही रिकामी. कडी बिस्किटांच्या डब्यात होती. तिने डबा उघडून खात्री केली.

मग तिचा तोल गेला. तिने हातोडीने खालून ठोकलं, पहार घातली, दोन्ही मुठींनी दार बडवलं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. इतके दिवस मरमर मरायचं आणि एक साधं लाकूड आपलं ऐकत नाही, याचं तिला रडू आलं.

आवाजाने बाबा बाहेर आले. त्यांनी तिला हाताने बाजूला केलं. बोटाच्या पेराने दारावर हलकेच टकटक केलं.

"अगं, मी आहे," ते म्हणाले.

खालून लोखंड सरकल्याचा आवाज आला. मोठीने दाराला हात लावला तर ते अलगद उचललं गेलं.

खाली चौकट होती आणि चौकटीतून दिसणारी फरशी. बाबा तिथे वाकून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य नव्हतं. मोठीला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो हेवा. सकाळपासून हात सोलून घेत होती ती, आणि उघडलं यांना.

तिने करवत उचलली. पाय कापला, घासला, दार परत ठेवलं. टेबल आता पक्कं उभं राहिलं. दुपारपर्यंत बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि स्वतःहून विचारलं, जेवायला कधी बसायचं? मोठीच्या पोटात आनंद मावेना. सकाळचं सगळं तिने मनातून झटकून टाकलं. लाकूडच ते, अडकलं होतं, सुटलं. धाकटी जिन्यातच असेल म्हणून तिने तीन ताटं मांडली, बाबांना बसवलं, दोन ताटं वाढली आणि भात आणायला स्वयंपाकघरात गेली.

परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

टेबलावर एकच ताट होतं, धाकटीचं, रिकामं. वाढलेली दोन्ही नव्हती.

बाबांच्या सपाता टेबलाला लागून, नीट जोडीने काढून ठेवलेल्या होत्या.

ती खोलीत गेली. न्हाणीघरात, गच्चीत. घराचं दार आतून बंद होतं; धाकटीने घंटा वाजवली तेव्हा तिनेच ते उघडलं.

"बाबा कुठायत?" धाकटीने विचारलं.

मोठीने टेबलाकडे बोट दाखवलं. धाकटी वाकली, खाली पाहिलं, फरशी हाताने चाचपली आणि तिच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. मग दोघींनी मिळून दार धरलं आणि ओढलं.

ते हललं नाही.

मोठीने बोटाच्या पेराने टकटक केलं. बाबांनी केलं होतं तसंच, हलकेच.

"बाबा," ती म्हणाली. "मी आहे. आम्ही दोघी आहोत."

दाराच्या पलीकडे कुणीतरी दोघं हळू आवाजात बोलत होती. भांड्यांचा आवाज होता, पोटभर जेवणाऱ्या माणसांचा. टकटक ऐकून बोलणं एकदम थांबलं, आईवडिलांच्या बोलण्यात मूल मध्येच आलं की थांबतं तसं.

मग आतून कुणीतरी कडी नीट लागली आहे ना, ते चाचपून पाहिलं.